पाटी दुरुस्त कोण करणार, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

लास वेगासच्या कॅसिनो-हॉटेलांच्या रोषणाईवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. छायाचित्रांची निवड उत्तम होती. मजकुरातील दोन विधानांमुळे मात्र वाचकांचा गैरसमज होईल. लुकलुकणारा प्रत्येक दिवा निऑनचा आहे, असे लेखात गृहीत धरले आहे. शिवाय निऑन फार वीज खातो आणि लवकर बिघडतो म्हणून एलईडीने त्याची जागा घेतली, असेही म्हटले आहे. विद्युत फलकांचे काम करणाऱ्या कोणालाच हे पटणार नाही. या हॉटेलांच्या बाह्यसजावटीत काय टिकले आणि काय गेले, हे दिव्याच्या प्रकारावर फार थोडे अवलंबून होते. वर चढून ती सजावट दुरुस्त करण्याची सोय होती का आणि ती जबाबदारी कोणाची होती, यावर ते ठरले.

स्टारडस्ट हॉटेल 1958 मध्ये उघडले. त्याचा दर्शनी फलक 216 फूट लांब होता, आणि त्यावर सुमारे 7,100 फूट निऑन नळी आणि 11,000 बल्ब होते. जुन्या छायाचित्रात ग्रहांची कड, किरणे आणि अक्षरांच्या सलग रेषा दिसतात, ते निऑन. ठिपक्याठिपक्यांचा जो झगमगाट दिसतो, तो बल्बचा. आता विजेचा हिशेब करू. 12 ते 15 मिलिमीटर व्यासाच्या नळीला मीटरमागे ढोबळमानाने 10 ते 20 वॅट लागतात. 7,100 फूट म्हणजे जवळपास 2,160 मीटर, म्हणजे सगळी नळी मिळून 22 ते 43 किलोवॅट. बल्ब मात्र 11 वॅटचा छोटा साइन-बल्ब धरला तरी 11,000 बल्बांचे 121 किलोवॅट होतात. त्या बल्बचे आयुष्य 3,000 तास आणि रोजचा वापर 12 तास धरला, तर तो 250 रात्री चालतो. म्हणजे एवढ्या मोठ्या फलकावर दर रात्री सरासरी 44 बल्ब जाणार. वीज खाणारा आणि सतत माणूस वर चढवायला लावणारा भाग बल्बचा होता. एलईडीने सर्वात योग्य काम केले ते इथे: 11 वॅटच्या जागी सुमारे 1 वॅट, आणि तेच होल्डर कायम.

पळत्या दिव्यांची रचना साधी असते. बल्ब 1-2-3, 1-2-3 अशा तीन सर्किटांत वाटतात, आणि सर्किटे पाळीपाळीने लागली की प्रकाश धावल्यासारखा दिसतो. पूर्वी हे काम मोटारीवर फिरणाऱ्या दट्ट्यांचा फ्लॅशर करायचा. त्याचे संपर्कबिंदू जळले की एक सर्किट सतत चालू राहते किंवा सतत बंद, आणि धाव अडखळते. लोकांना बल्ब गेल्यासारखे वाटते, पण दोष खालच्या पेटीत असतो. अर्धवाहक स्विच आल्यावर हा प्रश्न बराच सुटला. तरी एलईडी बल्ब लावताना एक घोटाळा हमखास होतो. इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असतानाही थोडी वीज गळू देतो. तेवढ्यावर जुना बल्ब पेटत नसे, एलईडी मात्र मंद तेवत राहतो आणि धावेचा ठसका जातो. सर्किटाच्या टोकाला योग्य मापाचा रोधक जोडला की हे थांबते.

निऑनची नळी का टिकते हे कळायला ती घडते कशी हे पाहावे लागते. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये हा वायू शोधला. जॉर्ज क्लोद यांनी डिसेंबर 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या नळ्या पेटवून दाखवल्या. तेव्हापासून कृतीत फार थोडा बदल झाला आहे. सरळ काचनळी साधारण चार फुटांची येते. अक्षराचा पूर्ण मापाचा नकाशा उष्णता सोसणाऱ्या कागदावर उलटा काढतात, आरशात दिसतो तसा. कारण नळीची दर्शनी बाजू मेजावर पालथी राहते, आणि मागे जाणारे वळसे वर उचलता येतात. मोठ्या वळणासाठी पट्टीसारखी लांब ज्योत वापरतात, कोपरा आणि जोड यांसाठी समोरासमोर पेटणाऱ्या ज्योती. काच मऊ झाली की ती ज्योतीबाहेर काढून नकाशावर बसवायला काही सेकंदच मिळतात. नळीचे एक टोक बुचाने बंद असते, आणि दुसऱ्या टोकाची रबरी फुंकनळी कारागिराच्या तोंडात. वळवताना हलकी फुंकर दिली नाही तर वळणाशी नळी चपटी होते. चपट्या जागी वाट अरुंद होते, काच जास्त तापते, आणि पुढे तडा तिथूनच जातो. हातमोजे घालून हे काम होत नाही, कारण काच किती वळेल हे बोटांनाच कळते.

एका तुकड्यात साधारण अडीच ते तीन मीटरपेक्षा जास्त नळी घेऊ नये. त्याहून लांब तुकडा वळवताना सांभाळता येत नाही, आणि वर चढवताना फुटतो. दोन अक्षरांमधला जोडभाग दिसू नये म्हणून त्यावर काळा रंग देतात. हा रंग पातळ लागला तर रात्री शब्दांमध्ये धूसर रेघा दिसतात. वीज वाहू देणारा रंग मात्र इथे चालत नाही. रंगात धातूची पूड असेल तर त्यावरूनच ठिणगी पळते.

यानंतरचे काम डोळ्याला दिसत नाही, पण नळीचे आयुष्य तिथेच ठरते. दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड, म्हणजे वीज नळीत नेणारे धातूचे तुकडे, जोडून नळी निर्वात पंपाला लावतात, आणि तिच्यातून जोरदार प्रवाह सोडतात. कारागीर याला बम्बार्डिंग म्हणतात. काच सव्वादोनशे ते अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची असते. तेवढी तापली हे ओळखायला नळीवर ठेवलेला कागदाचा कपटा करपतो का ते पाहायची जुनी पद्धत आहे. एवढ्या उष्णतेने काचेच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेली वाफ आणि घाण सुटते. मग इलेक्ट्रोड लालभडक होईपर्यंत तापवतात, म्हणजे त्यांच्यावरच्या लेपातील कार्बोनेटांचे ऑक्साइड होते आणि बाहेर पडलेला वायू पंप ओढून घेतो. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत उतरला की नळी थंड होऊ देतात आणि शुद्ध निऑन सोडतात. 12 ते 15 मिलिमीटर नळीत हा दाब 8 ते 12 मिलिमीटर ठेवतात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास त्रेसष्टाव्या ते पंच्याण्णवाव्या हिश्श्याइतका. दाब कमी ठेवला तर नळी सुरुवातीला उजळ दिसते, पण इलेक्ट्रोडचा धातू लवकर उडतो आणि टोके काळी पडतात. दाब जास्त झाला तर व्होल्टेज जास्त लागते. घाईत बम्बार्डिंग अर्धवट झालेली नळी पहिल्या दिवशी चांगली दिसते आणि काही महिन्यांत मलूल होते. निऑन लवकर मरतो अशी जी तक्रार होते, तिच्यामागे बहुधा ही घाई असते. नीट घडवलेली नळी दोन-तीन दशके सहज चालते.

रंगाचेही थोडे सांगायला हवे. साध्या काचेत निऑन भरला की नारिंगी-लाल प्रकाश मिळतो. निळा रंग आर्गॉन आणि पाऱ्याच्या एका थेंबातून येतो. हिरवा, पांढरा, गुलाबी यांसाठी नळीच्या आत फॉस्फरचा लेप असतो, आणि पाऱ्याच्या वाफेतील अतिनील किरणांनी तो उजळतो. म्हणून लाल नळी कडाक्याच्या थंडीतही तशीच पेटते, तर पाऱ्याची नळी गारठ्यात फिकी पडते, कारण पारा पुरेसा वाफ होत नाही. उभ्या बसवलेल्या लांब नळीत पारा खाली साचतो आणि वरचा भाग जांभळट दिसू लागतो. अशी नळी उतरवून थेंब पुन्हा टोकापर्यंत फिरवला की बहुतेक वेळा रंग परत येतो. ती फेकून देण्याची गरज नसते.

नळीमागची वीज हा वेगळा विषय आहे, आणि थीम हॉटेलांच्या आराखड्यात सर्वात जास्त चुका याच ठिकाणी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील कलम 600 फलकांसाठी आहे. त्यानुसार ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम, म्हणजे नळीकडच्या बाजूचे, व्होल्टेज 15,000 पेक्षा जास्त चालत नाही, आणि कोणत्याही टोकापासून जमिनीपर्यंत 7,500 पेक्षा जास्त चालत नाही. उच्चदाबाची तार धातूच्या पाइपातून नेली तर ट्रान्सफॉर्मरपासून पहिल्या नळीपर्यंत 20 फुटांच्या आत हवी, अधातूच्या पाइपातून नेली तर 50 फुटांच्या आत. याचे कारण असे की आर्थ केलेल्या पाइपातली तार सबंध लांबीभर कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागासारखी, वागते. लांबी वाढली की इन्सुलेशनवर सतत ताण येतो, ओझोन तयार होतो आणि तार आतून कुरतडली जाते. वास्तुरचनाकाराला बाहेरून पेट्या दिसायला नको असतात. मग ट्रान्सफॉर्मर दूर गच्चीत किंवा तळघरात ढकलले जातात आणि तारा लांबतात. नियम तिथेच मोडतो, आणि दोन-तीन वर्षांत तारा जळू लागतात. ट्रान्सफॉर्मर नळीच्या मागेच असायला हवा. म्हणजे भिंतीत त्याच्यासाठी जागा हवी, त्या जागेला दार हवे, आणि दारापर्यंत माणूस पोहोचायला हवा. इमारत उभी राहिल्यावर हे जमवता येत नाही.

ट्रान्सफॉर्मरला किती नळी जोडावी याचा तक्ता उत्पादक देतात, आणि तो पाळावाच लागतो. नळी जास्त झाली की प्रकाश थरथरतो आणि ट्रान्सफॉर्मर ताणला जातो. नळी फारच कमी असेल तर प्रवाह वाढून इलेक्ट्रोड तापतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन इलेक्ट्रोडांमागे साधारण एक फूट नळी जास्त धरावी लागते. छोट्या छोट्या अक्षरांच्या पाटीत हा हिशेब विसरला जातो.

वाळवंटातल्या शहराचा एक खास दोष असा. लास वेगासला वर्षभरात जेमतेम चार इंच पाऊस पडतो. कोरड्या महिन्यांत इलेक्ट्रोडभोवतीच्या काचेवर आणि टोपणांवर बारीक धूळ बसत जाते. पहिल्या पावसात ती ओली झाली की तिच्यातून वीज गळते. गळती दिसताच संरक्षक यंत्रणा ट्रान्सफॉर्मर बंद करते, आणि अर्धा फलक काळोखात जातो. यंत्रणा बरोबर वागलेली असते. तिला निकामी करून फलक पेटता ठेवणे म्हणजे आगीला वाट करून देणे. उपाय एवढाच: पावसाळी वाऱ्यांच्या आधी, म्हणजे जून संपण्यापूर्वी, वीज तोडून प्रत्येक इलेक्ट्रोडची टोपणे आणि नळीचे आधार कोरड्या फडक्याने पुसायचे, आणि फुटलेली टोपणे बदलायची.

उष्णतेचा हिशेबही करावा लागतो. उन्हात तापलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि हिवाळ्यातली पहाट यांत 65 अंशांचा फरक धरा. अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे दीड मिलिमीटर सरकते, काच सुमारे 0.6 मिलिमीटर. अडीच मीटरच्या नळीत हा फरक सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास जातो. दोन्ही टोके घट्ट आवळली तर काच फुटणारच. म्हणून नळी एका आधारावर पक्की बांधतात, बाकीच्या आधारांवर ती सरकती ठेवतात. इमारतीच्या प्रसरण-सांध्यावरून एकच नळी कधीही नेऊ नये.

आता मूळ मुद्दा. वेगासच्या सुवर्णकाळातले बरेचसे फलक हॉटेलांच्या मालकीचे नव्हतेच. 1920 मध्ये युटा राज्यातील ऑग्डेन येथे स्थापन झालेली यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी फलक बनवून भाड्याने देत असे, आणि त्या भाड्यातच देखभाल धरलेली असे. फलक बनवणारा आणि त्यावर वर्षानुवर्षे चढणारा एकच असल्यामुळे खांबाच्या पोटात शिडी असे, अक्षर सुटे काढता येई आणि नकाशाचा कागद कपाटात जपलेला असे. हॉटेलने नाव बदलले की जुना फलक कंपनीच्या आवारात परत येई. त्या आवारातल्या ढिगातूनच पुढे 1996 मध्ये स्थापन झालेल्या निऑन संग्रहालयाचा मोठा ठेवा तयार झाला. शहराच्या वेशीवरचा 25 फुटी स्वागतफलक बेट्टी विलिस यांनी 1959 मध्ये रेखाटला. तो आजही भाडेकरारावर उभा आहे, आणि 2009 मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. त्याचे बल्ब, नळ्या, रंग कितीतरी वेळा बदलले असतील, फलक मात्र तोच आहे.

याउलट ज्याची हालचाल थांबली आणि तशीच राहिली, असे उदाहरण म्हणजे फ्रीमाँट रस्त्यावरचा व्हेगस व्हिक, 1951 चा सुमारे 40 फुटी निऑनचा काउबॉय. त्याचा हात हलत असे, आवाजही येत असे. हात 1991 मध्ये थांबला. त्या रस्त्यावर 1995 मध्ये खुले झालेले प्रकाशाचे छत बांधताना त्याच्या टोपीची कडही कापावी लागली. ज्या छतासाठी हे झाले ते 21 लाख बल्बांचे होते. 2004 मध्ये ते काढून सव्वा कोट एलईडी बसवले, आणि 2019 मध्ये पुन्हा 3.2 कोटी डॉलर खर्चून 4.93 कोटी एलईडी. पाव शतकात तीन पिढ्या. अशा एलईडीच्या पडद्याला आमचा विरोध नाही. पण पडदा ही काही वर्षांनी बदलावी लागणारी यंत्रणा आहे, आणि त्या बदलाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.

1968 मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनोर हे वास्तुविशारद येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन या शहराचा अभ्यास करायला आले. त्यांनी नोंदवलेली रचना अशी: रस्त्यालगत प्रचंड फलक, मागे गाड्यांचा तळ, आणि त्याच्याही मागे साधीसुधी बुटकी इमारत. ताशी 35 मैलांनी येणारी गाडी सेकंदाला 51 फूट सरकते. चार सेकंदांत वाचायचे तर दोनशे फुटांत सगळे सांगून झाले पाहिजे. म्हणून अक्षरे अवाढव्य. व्यवसायातला ठोकताळा असा आहे की सहज वाचण्यासाठी दर दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचे अक्षर हवे. हजार फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षर आठ फुटांच्या पुढे जाते.

1989 ते 1999 या दशकात चित्र पालटले. फलक मागे पडला आणि इमारतच फलक झाली: मिराजचा ज्वालामुखी, एक्सकॅलिबरचा किल्ला, लक्सॉरचा पिरॅमिड, एकतृतीयांश मापाची न्यूयॉर्कची गगनरेषा, अर्ध्या मापाचा 540 फुटी आयफेल मनोरा. या दर्शनी भागांत दिसणारा दगड बहुतेक ठिकाणी दगड नसतो. पोलादी सांगाडा, त्यावर तापलेल्या तारेने कापलेला थर्माकोल, त्यावर काचतंतूंची जाळी आणि दोन-तीन मिलिमीटरचा लेप, शेवटी रंगीत अ‍ॅक्रिलिक गिलावा. हलका, स्वस्त, हवा तो आकार घेणारा. टिचकी मारली की पोकळ वाजतो.

या पदार्थाचे शत्रू दोन. पहिला पाणी. फलकाचा बोल्ट गिलाव्यातून आत जातो त्या भोकातून पाणी शिरते, आणि आतल्या आत सांगाडा गंजतो. बोल्ट थर्माकोलमध्ये कधीच रुतवू नये. तो नळकांडीतून थेट पोलादापर्यंत न्यावा, आणि भोवतीचे सीलंट वेळापत्रकाने बदलावे. दुसरा शत्रू आग. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो, मग वितळतो, पेटतो आणि जळते थेंब खाली पाडतो. 25 जानेवारी 2008 रोजी माँटे कार्लो हॉटेलच्या गच्चीवर धातूकाम सुरू असताना ठिणग्यांनी दर्शनी सजावट पेटली आणि आग वरच्या मजल्यांच्या कडेने आडवी पसरली. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. अशा भिंतीवर निऑन बसवायचा असेल तर नळीमागे धातूचा किंवा सिमेंटचा न जळणारा पत्रा हवा, इलेक्ट्रोड बंद डबीत हवेत, आणि तार गिलाव्याखालून अजिबात जाता कामा नये. आम्हाला सर्वात धोकादायक वाटतो तो हा जोड: उघडा इलेक्ट्रोड आणि त्यामागे थर्माकोल. रोषणाईचा ठेकेदार आणि गिलाव्याचा ठेकेदार वेगळे असले की हा जोड कोणाच्याच नकाशात दिसत नाही.

वाऱ्याबद्दल एकच उदाहरण पुरे. लास वेगास हिल्टनचा नवा 362 फुटी फलक जुलै 1994 च्या वादळात अंशतः कोसळला आणि नंतर 279 फुटांवर उभा झाला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला 40 मीटर वेगाला चौरस मीटरमागे सुमारे 100 किलो भार येतो, म्हणजे 200 चौरस मीटरच्या पाटीवर 20 टन, आणि तोही खांबाच्या टोकाशी.

लक्सॉरच्या शिखरावरचा झोत मात्र देखभालीच्या दृष्टीने शहाणपणाने केला आहे. प्रत्येकी 7,000 वॅटचे 39 झेनॉन दिवे, म्हणजे 273 किलोवॅट, शिखराखालच्या खोलीत आहेत, आणि ते आतूनच बदलता येतात. माणसाला तिरप्या काचेवर लोंबकळावे लागत नाही. 2008 पासून खर्चासाठी त्यातले निम्मेच लावतात. झोताभोवती पतंग आणि वटवाघळे जमतात. 2019 च्या उन्हाळ्यात तर शहराच्या दिव्यांकडे नाकतोड्यांचे थवे इतके आले की ते हवामान-रडारवर दिसले. उघड्या अक्षरपेट्यांच्या तळाशी साचणारा किड्यांचा थर पाणी धरून ठेवतो, म्हणून तळाला भोके आणि वर्षातून दोनदा सफाई लागते.

एलईडीविषयी लेखात एक लाख तासांचा उल्लेख आहे. रोज 12 तास चालवल्यास ते जवळपास 23 वर्षे होतात. पण हा आकडा डायोडचा आहे, त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीचा नाही. त्या पेटीतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला निम्मे होते. 7 जुलै 2024 रोजी लास वेगासला 120 अंश फॅरनहाइटचा विक्रम नोंदला गेला. अशा दिवशी बंद पेटीच्या आतले तापमान किती असेल याची कल्पना करावी. आधी मरते ती पेटी. पाच वर्षांनी नवे मॉड्यूल, म्हणजे पडद्याचा सुटा तुकडा, आणले तर त्याचा पांढरा रंग जुन्याशी जुळत नाही आणि पडद्यावर चौकोन उठून दिसतात. म्हणून पहिल्याच खरेदीत त्याच उत्पादन-तुकडीतले पाच-दहा टक्के मॉड्यूल बाजूला ठेवावे. लवचीक एलईडी-नळीला सहसा निऑनसारखे चारही बाजूंनी उजळणे जमत नाही. तिच्यात प्रकाश बहुधा एकाच बाजूने येतो, आणि ठरावीक त्रिज्येच्या आत ती वाकत नाही. जमिनीलगत, जिथे हात लागतो आणि काच फुटते, तिथे ती योग्यच. उंचावरच्या मुख्य अक्षरांना आम्ही आजही काच सुचवू.

हॉटेल बांधणाऱ्यांनी निविदेत चार कलमे घालावीत, असा आमचा आग्रह आहे. फलक बनवणाऱ्यानेच किमान दहा वर्षे देखभाल करावी. प्रत्येक नळीचा पूर्ण मापाचा नकाशा, काचेचा व्यास, वायू आणि रंग-क्रमांक मालकाकडे जमा व्हावा. नजरेच्या टप्प्यात, कुलूप लावता येईल असा स्वतंत्र वीज-खटका प्रत्येक फलकाला असावा. आणि आठवड्यातून एक रात्र कोणीतरी रस्त्यावरून चालत जाऊन विझलेल्या अक्षरांची यादी करावी, कारण दिवसा काम करणाऱ्या माणसाला ती कधीच दिसत नाहीत.

इमारत पाडायची वेळ येते तेव्हाही हेच नकाशे लागतात. स्टारडस्ट मार्च 2007 मध्ये स्फोटाने पाडले, पण त्याची अक्षरे निऑन संग्रहालयात पोहोचली. निळ्या, हिरव्या, पांढऱ्या नळ्यांत पारा असतो. त्या लाल नळ्यांपासून वेगळ्या काढून, न फोडता, खोक्यात उभ्या ठेवून न्याव्या लागतात. एखादी फुटलीच तर झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता तुकडे जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत.

आपले,
विद्युत फलकांच्या व्यवसायातील काही वाचक